मऊ जागेची माती

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला. आमच्या उतारावरची माती खोल, भुसभुशीत, उत्तम! मग माझी रोपं दोनदा का मेली गं? उपटून बघावं तर मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळलेली. यंदाही रोपं तगली नाहीत, तर उतार दगडखाणीला द्यायचं आमच्या वनखात्याच्या साहेबांनी ठरवलंय. तुझं यंत्र बिघडलं नाही ना? रागावू नकोस. भाऊजींना नमस्कार.

लोभ आहेच, अहवाल चुकला तरी तो चुकू नये.

तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या यंत्राला नावं ठेवतोस? मी आधी तुझा स्वभाव तपासला. फावडं सहज शिरलं तिथलीच माती नमुन्याला भरलीस ना? कष्ट टाळायची तुझी सवय जुनीच. तू मऊ जागा शोधल्यास आणि मीही न विचारता कौतुक केलं. दोघंही शहाणे!

पण ऐक, ऐक! निरनिराळ्या जंगलांतली माणसं आपापल्या मातीची माहिती एकत्र ठेवतात, ती चाळताना तुझंच दुखणं सापडलं. लाकडाचे ट्रक फिरून जमीन आतून दाबली जाते. वर पालापाचोळा, खाली दगडासारखा थर. मुळांना ना हवा, ना वाट. मी आनंदाने ओरडलेच, शेजारचे सहकारी धावत आले.

आता दोरी लावून सारख्या अंतरावर खण, जागा कशीही असो. कडक लागेल तिथे थर फोड, खड्ड्यात कुजलेला पाला घाल, मग रोप लाव. ट्रक तिथून बंद. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझीच,
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
कोपरापासून नमस्कार!

निम्म्या जागी पहार टणटण वाजली. तळहाताला फोड आले, तुझा उद्धारही केला. आपली चूक मी त्या सगळ्या जंगलवाल्यांना कळवली, तर चौघांनी लगेच लिहिलं, आम्हीही मऊ जागाच खणल्या होत्या! एवढं हायसं वाटलं म्हणून सांगू.

आणि आज साहेब खाणवाल्याला घेऊन आले. मागच्या वर्षी साहेबांनी दोन बोटांनी रोप उपटून माझ्या हातात दिलं होतं. तसंच यंदाही धरलं. निघेना. दोन्ही हातांनी ओढलं, पाय रोवून ओढलं. माझा जीव टांगणीला. शेवटी हात झटकून ते खाणवाल्याला म्हणाले, तुम्ही दुसरी जागा बघा.

ताई, मी त्या रोपापाशी बसून ढसाढसा रडलो.

तुझा,
धाकटा