पश्चिममुखी वॉर्ड

अण्णा,

कचेरीतल्या माझ्या पहिल्या दिवशी तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता. "सूर्य कुठून उगवतो?" मी म्हटलं, पूर्वेकडून. तुम्ही चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणालात, "रोज?" मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. "स्वल्प विचार कर, मग सांग," म्हणून तुम्ही आपल्या बोर्डाकडे वळलात. मी वीस वर्षांची होते. वडिलांची बदली इथल्या सरकारी कारखान्यात झाली म्हणून आम्ही पुण्याहून बेंगळुरूला आलो होतो, आणि सरकारी इमारतींचे नकाशे जिथे निघत त्या कचेरीत मला ट्रेसरची नोकरी लागली होती. दुसऱ्यांनी काढलेला नकाशा मेणकापडावर शाईने गिरवायचा, एवढंच काम. तुम्ही हेड ड्राफ्ट्समन. अख्खी कचेरी तुम्हाला अण्णा म्हणायची, साहेबसुद्धा. तुमचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलं, त्यामुळे तुमची मराठी मला आधी अर्धीच कळायची. उन्हाला तुम्ही ऊनच म्हणायचात, पण त्याच्यावर राग आला की म्हणायचात "बिसिलु." एखाद्या माणसाचं नाव घ्यावं तसं.

त्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या चामराजपेटेतल्या घरी मिळालं. तुम्ही एका रविवारी जेवायला बोलावलंत. मागच्या लहानशा अंगणात एक सरळ काठी रोवलेली होती आणि फरशीवर चुन्याचे ठिपके होते, शेकड्यांनी. मला वाटलं रांगोळी विस्कटली आहे. तेव्हा अक्का, तुमच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तुडवू नकोस ग, माझं वर्ष आहे ते." तुम्ही कचेरीत असायचात, म्हणून दुपारी बाराचा भोंगा झाला की अक्का हातातलं काम टाकून बाहेर यायच्या आणि काठीच्या सावलीच्या टोकाला चुन्याचा ठिपका द्यायच्या. वर्षभर. बाळंतपणाला आलेल्या मुलीचं सगळं करतानाही ऊन पडलेला एक दिवस चुकला नव्हता त्यांचा. तुम्ही मला दाखवलंत, मार्गशीर्षातली सावली उत्तरेला लांब पडते, आणि ऐन उन्हाळ्यात ती आखडत आखडत काठीच्या पायाशी येते आणि चक्क दक्षिणेला जाते. "म्हणजे तेव्हा सूर्य उत्तरेला गेला, उगवतोही उत्तरेकडे सरकून. थंड मुलखातल्या पुस्तकात लिहिलंय, उत्तरेच्या खिडकीला ऊन लागत नाही. आपले लोक तेच वाचून इथे घरं बांधतात." आत अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या सुपावर वरच्या झरोक्यातून उजेड पडला होता, धूर दुसऱ्या झरोक्यातून निघून जात होता, आणि त्या स्वयंपाकघरात दिवसा कधीच दिवा लावावा लागत नव्हता. "हे ह्यांनी केलं," अक्का म्हणाल्या. "पण आधी दोनदा चुकीच्या जागी भोक पाडलं. ते सांगणार नाहीत तुला." तुम्ही ताकाचं भांडं तोंडाला लावलंत.

मग तो प्रसूतिगृहाचा नकाशा आला. साहेब नुकतेच परदेशातून शिकून आले होते, तरुण होते, हुशार होते, आणि आज मागे वळून बघताना मला ते वाईट माणूस वाटत नाहीत. सरकारी इस्पितळाच्या आवारात बाळंतिणींचा नवा वॉर्ड बांधायचा होता. रस्ता पश्चिमेला, म्हणून साहेबांनी इमारतीचं तोंड पश्चिमेला केलं आणि ती सगळी भिंत काचेची काढली. वर सपाट स्लॅब, खाली छत बुटकं, व्हरांडा नाही. नकाशा दिसायला फार देखणा होता. तुम्ही तो बोर्डावर लावलात, बराच वेळ बघितलात आणि मला म्हणालात, "उद्यापासून आपण आकडे घेऊ."

त्या आवारात दोन इमारती होत्या. एक जुना कौलारू वॉर्ड, सगळीकडून व्हरांडा असलेला, आणि एक दोन वर्षांपूर्वी बांधलेला सपाट छताचा दवाखाना. तुम्ही दोन्हीकडे भिंतीला एकेक थर्मामीटर टांगलात. दहा, एक आणि चार वाजता मी जाऊन आकडा लिहायचा. सबंध उन्हाळा मी तो आकडा लिहीत होते. नर्सबाई मला "टेंपरेचर अक्का" म्हणायला लागल्या. आणि तेव्हाच तो शनिवार आला. कंटोन्मेंटमध्ये मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले, चारचं वाचन राहिलं, आणि सोमवारी सकाळी मी शुक्रवार आणि रविवार बघून मधला एक आकडा वहीत भरला.

तुम्ही वही उघडलीत. बोट त्या ओळीवर थांबलं.

"शनिवारी चारला तू तिथे होतीस?"

"हो, अण्णा."

"आमच्याकडे शनिवारी साडेतीनला गारा पडल्या. इस्पितळाच्या कौलांवर पण पडल्या, वॉचमन सांगत होता. अंगणात पोरं वेचत होती. तुझ्या थर्मामीटरला काहीच कळलं नाही?"

मी रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. लाल शाईने ती ओळ खोडलीत आणि बाजूला स्वच्छ अक्षरात लिहिलंत, 'वाचन घेतलेले नाही.' मी म्हटलं, अण्णा, साहेबांना दाखवायची वही आहे, ते काय म्हणतील? "म्हणतील की एक दिवस आकडा घेतला नाही. ते खरं आहे." त्या दिवशी दुपारी तुम्ही डब्यातलं चित्रान्न, तो लिंबाचा फोडणीचा भात, मला दिलं नाहीत. रोज द्यायचात. मंगळवारी पुन्हा दिलंत, आणि नेहमीपेक्षा शेंगदाणे जास्त होते. तो विषय तुम्ही आयुष्यात परत काढला नाही.

वही घेऊन तुम्ही साहेबांकडे गेलात तेव्हा दार उघडं होतं आणि आम्ही सगळे ऐकत होतो. तुमचं म्हणणं साधं होतं. इमारत फिरवा. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला करा, रस्त्याकडे फक्त तिची अरुंद बाजू येऊ द्या. साहेब इंग्रजीत म्हणाले, सरकारी इमारत रस्त्याकडे कूस करून उभी राहणार? उद्घाटनाला मंत्री येतील ते काय बघतील?

"मंत्री एक दिवस येतील, सर. बाळंतिणी रोज येतील."

साहेबांनी वही मिटून परत दिली. मग साहेब म्हणाले, "अण्णा, तुमचं काम रेघा काढायचं आहे." तुम्ही "सरी, सर," म्हणालात, म्हणजे बरं, बाहेर आलात, आणि पेन्सिलीला टोक करत बसलात. टोक झालं होतं तरी करत राहिलात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. का भांडला नाहीत? संध्याकाळी मी तो काचेचा दर्शनी भाग गिरवत होते, मुद्दाम निष्काळजीपणाने. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "हे पुसून परत काढ. मिस्त्रीला तरी नीट समजलं पाहिजे. त्याने काय केलंय तुझं?"

पण तुम्ही गप्प बसला नव्हतात. पुढचे दोन महिने जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सांगायचात आणि मी लिहून घ्यायची. एका वॉर्डाविषयी नाही, सगळ्याच सरकारी इमारतींविषयी. लांब बाजू कुठे असावी, कोणत्या खिडकीला किती खोल छज्जा, गरम हवा जायला छताखाली झरोके, गच्चीवर दरवर्षी चुना, आवारातलं मोठं झाड शक्य तोवर तोडायचं नाही, आणि दिवसा दहा ते पाच कोणत्याही कारकुनाला दिव्याशिवाय लिहिता आलं पाहिजे. मी विचारलं, हे सगळं तुम्हाला पाठच आहे, मग लिहायचं कशाला? तुम्ही म्हणालात, "मी आहे तोवर मी सांगेन. मी नसताना एखाद्या तालुक्याच्या गावात शाळा बांधतील, तिथे कोण सांगणार? नियम असला तर सांगायला माणूस लागत नाही." ती टिपणी वर गेली आणि पंधरा दिवसांनी परत आली. कोपऱ्यात एक शब्द होता, 'पाहिले.' तुम्ही ती मला फाइलला लावायला दिलीत. काही महिन्यांनी तुम्ही निवृत्त झालात.

वॉर्ड उघडला आणि पहिलाच उन्हाळा आला. अण्णा, ते मी तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितलं नव्हतं. मी चार वाजता गेले होते. काचेला आतून तपकिरी कागद चिकटवलेले होते, त्यावर चादरी टांगलेल्या. एवढी मोठी काचेची भिंत, आणि आत भर दुपारी सगळे दिवे लावलेले! पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. बाळांच्या मानेवर, काखेत घामोळं उठलेलं. एक बाई तान्ह्याला घेऊन खाटेखाली फरशीवर झोपली होती, कारण तेवढीच जागा गार होती. मला ती खाटेखालची बाई अजून दिसते आहे. मी तिथे उभी आहे, हातात नेहमीची वही आहे, आणि काय लिहावं ते मला कळत नाही.

मेट्रनबाईंनी लेखी तक्रार केली. एक उन्हाळा ती पडून राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात साहेब स्वतः जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी मला बोलावलं. खुर्चीत बसले होते, कोट काढलेला होता. "ती टिपणी कुठे आहे?" म्हणाले. मी फाइल आणून दिली. त्यांनी ती माझ्यासमोर वाचली, शेवटपर्यंत, आणि मग अगदी हळू म्हणाले, "अण्णांना विचारून या, आता काय करता येईल."

तुम्हाला तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी चामराजपेटेला आले, तुमच्यासमोर नकाशा पसरला, आणि तुम्हाला तो दिसत नव्हता. मी मापं वाचून दाखवत होते, तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. "पश्चिमेला छज्जा एकटा पुरणार नाही," तुम्ही म्हणालात. "चारनंतर बिसिलु आडवं येतं, छज्ज्याच्या खालून घुसतं. बाहेरून व्हरांडा लावा. त्याला उंच जाळी, सिमेंटची. वारा येईल, बिसिलु येणार नाही. काच निम्मी काढून तिथे लाकडी झडपा. वर गच्चीला चुना." मग अक्कांना म्हणालात, ते द्या तिला. अक्कांनी ट्रंकेतून एक मेणकापडाची गुंडाळी आणली. अंगणातले ते सगळे ठिपके तुम्ही मापून त्यावर उतरवले होते, प्रत्येक महिन्याची सावली, बारीक काळ्या रेघेत. मी म्हटलं, हे तुमचं आहे. तुम्ही हसलात. "मला आता सूर्य एकच दिसतो, पांढरा. तू ठेव."

व्हरांडा झाल्यावर तुम्हाला बघायला नेलं, तेव्हा साहेबांनी गाडी पाठवली आणि तुम्हाला उतरवून घ्यायला स्वतः पायरीवर आले. चार वाजले होते. तुम्ही जाळीवरून हात फिरवलात, मग आत आलात आणि पश्चिमेच्या भिंतीवर तळवा टेकवून उभे राहिलात. खाटेवरच्या एका बाईने मला कन्नडात विचारलं, आजोबा काय शोधतायत? मी काही बोलायच्या आत तुम्हीच उत्तर दिलंत, "काही नाही बाळ, भिंतीला ताप आहे का बघतोय." ती हसली. तुम्ही तिला विचारलंत, दिवसा दिवा लावतात का इथे? ती म्हणाली, "कशाला?" ते 'कशाला' ऐकून तुमचा चेहरा जसा झाला तसा मी आधी कधी पाहिला नव्हता. साहेब मान खाली घालून उभे होते. गाडीत बसताना त्यांनी तुमचा हात धरला आणि म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोललो—" तुम्ही त्यांना पुरं करू दिलं नाहीत. "जाळीचं काम छान झालंय, सर," म्हणालात.

पुढच्या वर्षी ती टिपणी कचेरीतल्या सगळ्या नव्या नकाशांसाठी सूचना म्हणून निघाली, साहेबांच्या सहीने. मी चिडून तुमच्याकडे आले होते. तुम्ही म्हणालात, "माझ्या सहीने कोणी पाळली असती का? पाळली जाऊ दे." त्यानंतर तुम्ही फार दिवस नव्हता. अक्का सांगत होत्या, शेवटच्या आठवड्यात तुम्ही बाराच्या भोंग्याला रोज विचारायचात, सावली कुठे आहे, आणि त्या अंगणात जाऊन बघून येऊन सांगायच्या.

मी नंतर पुष्कळ वर्षं त्याच कामात राहिले. शाळा, कचेऱ्या, दवाखाने. आता ह्या विषयाला मोठी मोठी नावं आहेत, जाड पुस्तकं आहेत, इमारतींना गुण देतात. निवृत्त झाल्यावरही एका समितीने मला असे नियम लिहायला बोलावलं होतं. मी तिथे दोन तास न थांबता बोलले, आणि समोरच्या तरुण मुली भराभर लिहून घेत होत्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, स्वल्प सावकाश.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. लेकीने शहराच्या पूर्वेला, के. आर. पुरमच्या पुढे, बाराव्या मजल्यावर घर घेतलं, मी तिच्याकडेच राहते. घर बघायला मला नेलं होतं. माझी खोली पश्चिमेची आहे, जमिनीपासून छतापर्यंत काच. मला पाऊल टाकताक्षणी कळलं होतं. पण ती इतक्या आनंदात होती, "आई, तुला इथून मावळता सूर्य दिसेल," म्हणत होती, आणि मी म्हटलं, छान आहे. आत्ता साडेचार वाजले आहेत. पडदे ओढलेले आहेत, एसी चालू आहे, आणि हे पत्र मी दिवा लावून लिहिते आहे. तुमचा पत्ता असता, तर हा शेवटचा परिच्छेद मी गाळला असता.