रंजिताची फी

रंजिताच्या पप्पांना,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं. नर्सिंग कॉलेजची फी भरायला तुम्ही धुळ्याला निघालात आणि दोंडाईच्याच्या अलीकडच्या वळणावर ट्रकने उडवलं. तुमच्या खिशातले पैसे पोलिसांनी पिशवीत घालून दिले. मी ते तसेच कपाटात ठेवले.

पोरगी शिकायचं नावच काढीना. "मन्हा ॲडमिशननी पप्पासले खादं," म्हणायची.

यंदा पुन्हा तिचा नंबर लागला. मी तीच पिशवी घेतली आणि तिला बसमध्ये बसवलं. ते वळण आलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. मी बघत राहिले. रस्त्यावर काहीच खूण नव्हती, याचंच वाईट वाटलं.

कॉलेजात कारकुनाने एक नोट बाजूला सारली. "बाई, ही डागाळलीय. दुसरी द्या."

मी दुसरी काढेपर्यंत रंजिताने ती नोट उचलली. "साहेब, हाई पप्पासनी शे," एवढंच बोलली आणि वर्षभरात पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून तिने अर्जावर सही केली.

आता ती होस्टेलवर असते. घरात मी एकटी. संध्याकाळी फाट्याकडून गाडीचा आवाज आला, की चहाच्या आधणात माझा हात अजूनही तुमच्यासाठी कपभर पाणी जास्त घालतो.

तुमची,
शीला