अधिक-उणे लिहिले असल्यास

॥ श्री ॥

सिल्वासा, ता. ६-९-९१

सौ. केसरबाई विहीणबाई यांना सिल्वाश्याहून कमळाबाईचा स. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुमची शोभा खुशाल, आणि तिच्या पोटातलं तिच्याहून खुशाल. काल मी डाळीला फोडणी दिली तर आतून अशी लाथ बसली की पोरीच्या हातातली परात खाली! मी आजी होणार हे अथालच्या भाजीवालीपासून मसाटच्या कारखान्यातल्या वॉचमनपर्यंत सांगून झालंय. सुधाकर म्हणतो, आई, आता दवंडी तेवढी बाकी ठेवलीस.

तुम्ही दिलेले ज्वारीचे बिबडे तळून तळून संपले. मी नाही खाल्ले, तुमच्या जावयाने खाल्ले. मी फक्त तुकडे.

खरी गोष्ट राहिलीच. दवाखान्यात शोभाचं कार्ड काढलं, रक्त तपासलं. स्पष्टच लिहिते, तुमच्या लेकीचं रक्त उणं निघालं. आमच्या सुधाकरचं अधिक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिलं असलं तरी बाळंतपणाला माहेरी धाडू नका, इथंच करा. तेव्हा सातव्यात न्यायला येऊ नका.

काही अधिक-उणं लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला. व्याहीबुवांना नमस्कार.

आपली,
कमळाबाई


मु. पिंपळे, ता. अमळनेर
१९-९-९१

कमळाबाई यांना केसरबाईचा नमस्कार. ह्यांनी ‘सप्रेम’ लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मी सांगते, हे लिहितात.

पत्र वाचलं. तुमच्या लेकाचं सगळं अधिक आणि माझ्या लेकीचं उणं! सोयरीक केली तेव्हा पोरगी चार तास तुमच्या डोळ्यांसमोर बसली होती. तेव्हा उणं दिसलं नाही, आता पाचवा सरल्यावर दिसलं? शोभी लिहिते की काळजी करू नको. ती सासूच्या धाकाने लिहिते, मला समजतं.

हा शब्द मी पुष्कळ ऐकलाय, बाई. शोभी झाली, योगेश झाला, दोघं धडधाकट. त्यांच्यामागून दोन लेकरं आली. जन्मली आणि दुसऱ्या दिवशी पिवळी पडली, हळद लावल्यासारखी. एक तिसऱ्या दिवशी गेलं, एक पाचव्या. माझी सासू मरेपर्यंत चार बायांत म्हणायची, हिच्यातच उणं आहे. मी ऐकलं. माझ्या लेकीला ऐकू देणार नाही. दसऱ्यानंतर तिला न्यायला येतो. बाळंतपण माझ्या दारात होईल.

केसरबाई

(ता. क. मी थोडं गोड करून लिहीत होतो, पण ती वाचून दाखवायला लावते. आपण राग धरू नये. – झुंबर)


सिल्वासा, ता. ३०-९-९१

सौ. केसरबाईंना सप्रेम सप्रेम नमस्कार वि. वि. तुम्ही एक खोडलंत म्हणून मी दोन घातले.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. विहीणबाई, उणं म्हणजे हो गणितातलं उणं! कार्डावर इंग्रजी बी आहे आणि पुढे आडवी रेघ. सुधाकरच्या कार्डावर उभी फुली. मी चौथी शिकलेली. गुरुजींनी रेघेला उणे म्हणायला शिकवलं, फुलीला अधिक. इथले सगळे निगेटिव्ह म्हणतात, पण ते माझ्या हाताला लिहिता येईना म्हणून मराठीत लिहिलं, आणि हे रामायण झालं. शोभा परवापासून हसते आहे. तिला धाक! ती मला भांडी घासू देत नाही, म्हणते तुमची घासलेली परत घासावी लागतात.

तर ऐका. उण्या रक्तात कमी काही नसतं, नुसता प्रकार वेगळा. पण बाळाचं बापासारखं अधिक निघालं, तर बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं रक्त त्याला परकं समजून पुढच्या लेकराशी वैर धरतं. ते धरायच्या आत, तीन दिवसांत, एक इंजेक्शन द्यायचं. ते गारच ठेवावं लागतं. पिंपळ्याला ते कोण आणणार? म्हणून इथंच म्हटलं.

आता मुख्य. तुमचं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. रागवू नका. पिवळ्या लेकरांची ओळ त्यांनी मला दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, ह्या बाईंचं रक्त कधी तपासलंय का? आणि म्हणाल्या, त्या माउलीचा ह्यात तसूभर दोष नाही. तेव्हा हे इंजेक्शन मिळालं असतं, तर... पुढचं मी लिहीत नाही.

अमळनेरला जा. दोघंही जा. मी वाट बघते.

तुमचीच,
कमळाबाई


मु. पिंपळे, २३-१०-९१

सौ. कमळाताई यांना केसरबाईचा सप्रेम नमस्कार. सप्रेम मी सांगून घालायला लावलं.

अमळनेरला गेलो. सुई दोघांना टोचली, घेरी मात्र यांनाच आली. माझं उणं निघालं. यांचं अधिक.

कागद घरी आणला. सासूबाईंच्या फोटोसमोर उभं राहून यांच्याकडून मोठ्याने वाचवून घेतला. यांची आई, तरी यांनी वाचला. मग मी फोटोला नमस्कार केला, हार बदलला आणि कागद तांदळाच्या डब्यात जपून ठेवला. बावीस वर्षांनी त्या रात्री माझा डोळा लागला तो उन्हं आल्यावरच उघडला.

शोभीला तिकडेच ठेवा. मी येते. डिंकाचे लाडू आणि बिबडे घेऊन येते. तुकडेसुद्धा तुम्हाला पुरून उरतील.

केसरबाई


सिल्वासा, ता. १९-१-९२

श्री. झुंबर व्याहीबुवा यांना कमळाबाईचा सा. न. वि. वि. शेजारी केसरबाई बसल्या आहेत, अर्धं त्या सांगतात.

तार मिळाली असेलच. नात! अहो, नात! संक्रांतीला दुपारी झाली. पावणेसात पौंड, नाक तुमचं, आवाज केसरबाईंचा.

इंजेक्शन सुधाकरने आठ दिवस आधीच आणून ठेवलं होतं. वापीला नव्हतं, वलसाडला मिळालं. माझ्या चहाच्या थर्मासात बर्फ घालून आणलं आणि घरमालकीणबेनच्या फ्रीजमध्ये ठेवलं. तेव्हापासून केसरबाई फ्रीजला पाठ लावून बसायच्या. बेन स्वतःच्या फ्रीजमधलं दूध यांना विचारून काढायची.

पण बाळाचं रक्त तपासल्याशिवाय ते देता येईना, आणि तपासणारा भावेश पतंग उडवायला गच्चीवर! इकडे दुसऱ्या दिवशीपण उत्तरायण असतं. मी घाबरले. तीनातला एक दिवस गेला की. केसरबाई उठल्या, त्याच्या गच्चीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि अशा ओरडल्या की चार गच्च्यांवरचे पतंग कटले. भावेश फिरकी हातात घेऊनच खाली आला. नातीचं अधिक निघालं. संध्याकाळी शोभाला इंजेक्शन दिलं. सुई टोचली तेव्हा केसरबाईंनी माझा हात धरला होता. नंतर कितीतरी वेळ सोडला नाही.

मीही हौसेने रक्त तपासून घेतलं. अधिक. केसरबाई म्हणाल्या, बोलण्यावरून वाटलंच होतं.

त्यांना म्हटलं, नावाची अक्षरं शिकवते, सही करा. म्हणाल्या, अक्षरं पुढच्या नातवाच्या वेळी, आता तो सुखरूप येणारच आहे. आधी माझी रेघ शिकवा. पाटीवर तीन वेळा गिरवली. खाली काढली आहे. शाई ओली असताना हात लागला म्हणून जरा फरफटली, पण सरळ आहे.

ह्या पत्रात अधिक आहे ते माझं, उणं आहे ते त्यांचं. दोन्ही तांदळाच्या डब्यात जपून ठेवा, आणि लोभ वाढवत राहा.

आपल्या,

कमळाबाई +

केसरबाई –