रंग नंतर लावू

बाबा, तुमचा कॉम्प्युटर चालू झाला. आईला तुम्ही काढलेलं चित्रही दाखवलं. ते कसं झालं हे सांगायला मला दुसरं माणूस नाही, म्हणून लिहायला बसले आहे. हॉस्टेलवरून मी तुम्हाला इंग्रजीत पत्रं पाठवायची. सिस्टरांनी शाळेत तीच रीत शिकवली होती. तुम्ही डिक्शनरी शेजारी घेऊन ती वाचायचा आणि उत्तर मराठीत लिहायचा. आज मीही मराठीतच लिहिते.

जुन्या पनवेलचं घर सोडून आम्ही खांदा कॉलनीत आलो तेव्हा आईने निम्मं सामान वाटून टाकलं. कॉम्प्युटरच्या खोक्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. "त्यांचं राहिलंय त्यात," एवढंच म्हणाली आणि खोकं माळ्यावर गेलं. काय राहिलंय ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आत्याने तो अमेरिकेहून आणला त्या दिवशी मी घरी होते. साड्यांच्या घड्यांमधून तिने तो जाडजूड कीबोर्ड बाहेर काढला, सगळा कॉम्प्युटर त्याच्याच पोटात, आणि म्हणाली, "दादा, टीव्हीला जोडायचा, बस. सोळा रंग दिसतात." आपल्याकडे नवा रंगीत टीव्ही होता. तुम्ही हात धुऊन, शर्ट बदलून बसलात, जणू कुणी पाहुणा यायचा होता. आणि जोडल्यावर काय, तर पडदाभर राखाडी पट्टे, खालून वर पळणारे. आत्याचं तोंड एवढंसं झालं. तुम्ही टीव्हीच्या मागे हात घालून बारीक नॉब फिरवत राहिलात आणि मी समोरून सांगत राहिले, "थांबलं... नाही, पळालं... थांबलं, बाबा, थांबलं!" चित्र थांबलं, पण रंग नव्हते. आवाजही नव्हता.

मग जेवताना तुम्ही समजावलंत. अमेरिकेत टीव्हीचं चित्र पाठवायची पद्धत एक, आपल्याकडे दुसरी. त्यांची एनटीएससी, आपली पाल. रेघांची संख्या वेगळी, रंग सांगायची रीत वेगळी. उजेड किती आणि अंधार किती, एवढंच आपल्या टीव्हीला कळतं. रंगाबद्दल तो कॉम्प्युटर जे बोलतो ते त्याच्या कानावरून जातं. "रंग येतायत घरापर्यंत," तुम्ही म्हणालात, "आपल्याला दिसत नाहीत एवढंच." आई पोळी वाढताना म्हणाली, "मग परत पाठवा आणि आपल्या भाषेत बोलणारा मागवा." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

पाताळगंगेच्या कारखान्यात दिवसभर मीटर आणि काटे दुरुस्त करून तुम्ही यायचा आणि चहा झाला की कॉम्प्युटरपुढे बसायचा. त्या पावसाळ्यात तुम्ही आईचं चित्र काढलंत. चौकोनाला चौकोन जोडून, प्रत्येक चौकोनाला रंगाचा एक नंबर. स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत मेथी निवडणारी आई. मी शनिवारी आले की आई समोर ताट घेऊन बसलेली असायची, मेथी कधीच निवडून झालेली असायची आणि तरी ती बोटं हलवत असायची.

"अहो, माझं नाक एवढं चौकोनी आहे?"

"तुझं नाही. अमेरिकेचं आहे."

तुम्ही आधी कॉम्प्युटरसोबत आलेल्या पुस्तकात नंबर पाहून खरे रंग लावले होते. चेहऱ्याला चेहऱ्यासारखा, भिंतीला भिंतीसारखा. पण आपल्या टीव्हीवर ते सगळे एकाच राखाडीत मिसळले आणि आई भिंतीत विरघळून गेली. "मी आहे कुठे यात?" ती म्हणाली. मग तुम्ही पुस्तक बाजूला ठेवलंत आणि नंबर बदलत राहिलात. ती सांगायची, अजून थोडं उजळ, आता जरा काळोखं, केस हवेत ना काळे. कोणत्या नंबराचा रंग कोणता, याचा विचारच नव्हता. राखाडी कशी दिसते तेवढंच पाहायचं. असं करत करत एका रविवारी ती उमटली. मान जरा खाली, कपाळावर उजेड. मी आजवर तिचा इतका तिच्यासारखा फोटो पाहिलेला नाही. "रंग नंतर लावू," तुम्ही म्हणालात. "दोन्ही पद्धती कळणारा टीव्ही आला की नीट लावीन. तुला रंगीत करून दाखवायचं माझ्याकडे लागलं." कॅसेटवर ते चित्र साठवून तुम्ही खोकं बंद केलंत. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही नव्हता.

आता आईच्या डोळ्यांचं सांगते. तिच्या दृष्टिपटलाला आजार झाला आहे. डॉक्टर म्हणाले, नजरेचा मधला भाग आधी जाईल, कडा राहतील. म्हणून ती हल्ली मान वाकडी करून बघते, कोंबडीसारखी, असं तीच म्हणते. मला काही कळू द्यायचं नाही असा तिचा हट्ट आहे. गव्हाणहून मासेवाली येते तिच्यापुढे बसून पापलेट अंगठ्याने दाबून दाबून घेते. ती बाई परवा म्हणाली, "आजी, बघत नाय तुमी, नुसत्या दाबता." आई म्हणाली, "डोळ्यांनी मासा कळला असता तर तू मला शिळा विकला नसतास." दोघी हसल्या. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

घाई झाली ती त्यामुळे. नवीन टीव्ही आणला, त्याच्या माहितीपुस्तकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की तो पाल आणि एनटीएससी दोन्ही घेतो. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही ज्याची वाट पाहत होता तो टीव्ही आता दुकानादुकानांत होता आणि कुणाला त्याचं काही कौतुकही नव्हतं. अमेरिकेच्या कमी दाबाच्या विजेसाठी तुम्ही घरी तार गुंडाळून केलेला ट्रान्सफॉर्मर तपासून घेतला, नव्या टीव्हीला लागणारी पिवळ्या पिनची वायर करवून घेतली, आणि आई दुपारची झोपली असताना केबलचा डबा काढून त्याच जागी कॉम्प्युटर जोडला. पडदा निळा झाला. गडद, खरा निळा. बाबा, मी तिथेच रडायला लागले. मग कॅसेट लावली, आणि चित्र वरून खाली भरत आलं.

आईचा चेहरा हिरवा होता. कपाळ पिवळं, केस निळे, मेथी जांभळी, मागची भिंत गुलाबी. तुम्ही राखाडीवर बेतून लावलेला एकेक नंबर आता आपला खरा रंग घेऊन समोर उभा होता. तुम्ही कसे लावले होते ते मी विसरले नव्हते, तरी असं होईल हे मला सुचलंच नाही. इतकी वर्षं मी हळहळत आले की बाबांना ते रंग दिसले नाहीत. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं दिसले नाहीत.

आतून आईचे पाय वाजले. "झालं का गं सुरू?" मी रिमोट घेतला आणि टीव्हीचा रंग कमी करत करत शून्यावर आणला. हिरवं गेलं, गुलाबी गेलं, आणि खिडकीत आई उमटली. तीच, कपाळावर उजेड असलेली.

ती पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली. मान वाकडी करून या कडेने, त्या कडेने पाहत राहिली. "मी आहे," ती म्हणाली. मग, "रंग लागले?"

"लागले," मी म्हणाले.

"छान लागलेत. पातळ अगदी तेच, मोरपंखी." तिने पडद्यावरून हात फिरवला. "केलं हो त्यांनी म्हटल्याप्रमाणे."

मला वाटलं, ती माझं मन राखते आहे. मी तिचं राखलं, तिने माझं. संध्याकाळी मी सगळं आवरलं, केबलचा डबा परत जोडला, आणि रंग शून्यावर राहिलाय हे विसरून गेले. दोन दिवस मी मुलांचे परीक्षेचे पेपर तपासण्यात बुडालेली होते. तिसऱ्या दुपारी बाहेर आले तर आईची मालिका चालू होती, सगळी काळीपांढरी. मी रिमोट शोधू लागले तेवढ्यात आई म्हणाली, "बघ गं, आज हिने काय लालभडक नेसलंय. शोभतं का या वयात?"

मी रंग हळूहळू वर नेला. ती साडी पिवळी होती. आई तशीच बघत होती, मान वाकडी करून. तिला काहीच बदललेलं दिसलं नाही.

डॉक्टरांना सांगायला हवं, पुण्याला तुमच्या लेकाला, दादाला, फोन करायला हवा. अजून केलेला नाही. तिला कळलं की मला कळलं आहे, तर ती रंगांबद्दल बोलायचं थांबवेल, याची मला भीती वाटते. तुमच्या कॅसेटखाली हा कागद ठेवते आणि खोकं बंद करते. आज दुपारी मालिकेतल्या साडीचा रंग लालच ना, असं तिने विचारलं तेव्हाही मी म्हणाले, "हो आई, लालच आहे."