गोचिडांचं औषध

आबा, काल मी आमच्या मांजरीला घरीच अंघोळ घातली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मांजरले कोनी आंगोय घालस का वं?" पण इथे देवपूरच्या फ्लॅटमध्ये ती लेकीच्या उशाशी झोपते, आणि तिच्या पिसवांनी नुसता उच्छाद मांडला होता. गेल्या आठवड्यात गावी गेले, तेव्हा दादाच्या गोठ्यातून गोचिडांच्या औषधाची अर्धी बाटली मागून आणली. बैलांना लावतो तेच. म्हटलं, बैलाला चालतं तर हिला टोपणभर औषध पाण्यात मिसळून लावलं तर काय होणार आहे! लेक म्हणालीही, "आई, बाटलीवर मांजराचं काहीच लिहिलेलं नाही." मी तिलाच झापलं, "तू मला शिकवू नकोस, शेतकऱ्याची पोर आहे मी."

टॉवेलात गुंडाळून, बादलीत बसवून अंघोळ उरकली. तिनं माझे हात रक्तबंबाळ केले. मग ती गॅलरीत उन्हाला बसून अंग चाटू लागली आणि मी चहा टाकला. तासाभरानं लेक ओरडली, "आई, हिला बघ!" बघते तर कान फडफडताहेत, तोंडातून फेस येतोय, उठायला जाते आणि मागचे पाय दुमडून पडते. लेकीनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "भांडी घासायचा लिक्विड साबण घ्या, कोमट पाणी घ्या. गरम नको. सगळं औषध धुवून काढा आणि लगेच घेऊन या." म्हणजे पुन्हा अंघोळ. या वेळी मात्र तिनं नखंसुद्धा बाहेर काढली नाहीत, आणि तेच बघून माझं धाबं दणाणलं. लेक रडत पाणी ओततेय, मी फेस काढतेय, आणि हाताखाली ते इवलंसं अंग थडथड उडतंय. "मरू नको गं बाई, मरू नको," एवढंच माझ्या तोंडात.

आणि तेव्हाच मला तो दिवस आठवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुम्ही गिरणेवर बैल धुऊन आणले होते, औषध लावून झालं होतं. घमेल्यात उरलेलं पाणी मी आपल्या मांजरीवर ओतायला निघाले. नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही धावत आलात, घमेलं लाथेनं उडवलंत आणि माझ्या गालावर अशी ठेवून दिलीत की कान सुन्न झाला. आयुष्यभर मला ती चापटच आठवत राहिली. एका मांजरीपायी आबांनी मला मारलं, असं मी सासरीसुद्धा सांगत आले. त्या चापटीमागोमाग तुम्ही काय ओरडला होता, ते काल साबणाच्या फेसात आठवलं: "हाई ढोरेस्नं औषध शे! चाटीसन मरी जाई ती!"

दवाखान्यात सुई दिली, सलाईन लावलं. संध्याकाळी थरथर थांबली. वाचेल, म्हणाले. मग डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "हे लावायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" लेक शेजारी उभी होती. बोलायला मला एक क्षणसुद्धा लागला नाही, आबा. "आमच्या वडिलांची पद्धत होती," मी म्हटलं. "ते सगळ्याच जनावरांना हेच लावायचे." डॉक्टरांनी मान हलवली. जुनी माणसं, म्हणाले.

रिक्षात लेकीनं मांजरीला पदराखाली घ्यावं तसं ओढणीत धरलं होतं. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमच्याबद्दल जे काही माहीत आहे ते माझ्याकडूनच. म्हणाली, "आजोबांना एवढंही कळत नव्हतं का गं?"

मी म्हटलं, "तेव्हा कुणाला कळत होतं?"

आज सकाळी मांजर दूध प्यायली. लेक दिवसभर घरातच होती, समोरच बसली होती. मी तिला अजूनही खरं सांगितलेलं नाही.