तळ करकरतो

दि. ९ नोव्हेंबर

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इथे सगळे बरे आहोत. तुझी वहिनी गुडघ्यांना शिव्या देत का होईना, जिना चढते. तू दुकान सोडून खुर्च्यांच्या कारखान्यात गेलास, त्यानंतरचं हे माझं पहिलंच पत्र. दचकू नकोस, भांडायला लिहीत नाही. धंद्यातली एक शंका आहे.

एका गिऱ्हाइकाला तान्ह्या बाळासाठी वेताची टोपली हवी आहे. दोन कानांची, या खोलीतून त्या खोलीत बाळासकट अलगद उचलून नेता येईल अशी. आपण अशा किती केल्या! तळ तू विणायचास, भिंती मी. या खेपेला तळही मीच विणला आणि तो करकरतो रे. बाळाने नुसता पाय झाडला तरी कुर्रर्र!

तुझा तळ कधीच बोलला नाही. का? मी मेण लावलं, साबण चोळला, वेत बदलून पाहिला. वहिनी म्हणाली, "तळ राहू द्या, तुम्हीच जास्त करकरताय." शेवटी माळ्यावरची तुझ्या हातची जुनी टोपली काढली आणि चष्मा लावून न्याहाळत बसलो. वीण अगदी माझ्यासारखीच. फक्त मधोमध किंचित खोलगट.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तू ओल्या तळावर बूड टेकून चहा प्यायचास आणि मी खेकसायचो, "ऊठ, कामावर कसला बसतोस!" लेका, तू वेत बसवत होतास! एका शब्दाने तरी सांगायचंस.

लगेच नवा तळ विणून वर बसलो. माझा देह तुला ठाऊक आहे, तळ कडाकडा मोडला. दुसऱ्यावर वहिनीला बसवलं, तर ती हसून हसून इतकी हलली की तळ तिरका झाला. शेजारचा शिंपी बसला, पण तो काडीपैलवान. तळाला पत्ताच लागला नाही.

आता खरं लिहितो. गिऱ्हाईक म्हणजे तुझीच लेक. पुढच्या महिन्यात तिचं बाळ येईल, हे तुला मी काय सांगावं! ती मला बजावून गेली आहे, "काका, तळ बाबांचा, भिंती तुमच्या. एकट्याने उरकलीत तर मला ओळखू येईल. मग मी आपली प्लास्टिकची आणते." तरी मी गुपचूप एकट्याने उरकायला निघालो होतो. तुला बोलावणं जड जात होतं, दुसरं काय.

तिकडूनच तळ विणून पाठव, असं लिहिणार होतो. पण ते जमायचं नाही. तळ पुरता वाळायच्या आत भिंतीचे उभे वेत खोचावे लागतात, म्हणजे आपण दोघं एका जागी हवेत. कोण बरोबर, कोण चूक, ते टोपली झाल्यावर बघू. नाही बघितलं तरी चालेल.

तुझ्या बाजूची जमीन झाडून ठेवली आहे. वेत आज सकाळीच भिजत घातला. फार दिवस पाण्यात राहिला तर काळा पडतो, तेवढं लक्षात ठेवून नीघ.

वाटेकडे कान लावून बसलेला,
तुझा दादा