डाव्या चाकाचा चेकनट

पनवेल, शनिवार, १२ मार्च १९९४, संध्याकाळ

डाव्या चाकाचा चेकनट मी आवळला का? दुपारपासून डोक्यात हेच चाललंय.

डॉक्टरांच्या जुन्या तांबड्या स्पोर्ट्स गाडीला दोन कार्बोरेटर बसवले, रुंद टायर घातले. आज दोरी लावून पुढच्या चाकांचं अलाइनमेंट केलं. ते हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना चेकनट असतो; सैल राहिला तर चाक भलतीकडे वळतं. उजवा नट आवळून त्यावर नेहमीसारखा बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला, म्हणजे आवळल्याची खूण. डावीकडे सरकलो, तेवढ्यात डॉक्टरांच्या आई आरतीचं ताट घेऊन आल्या. "मिस्त्री, हात धुऊन या. नारळ तुम्हीच फोडायचा."

गाडीखालून निघालो, नारळ फोडला, पेढा खाल्ला. मायलेक लोणावळ्याला गेलेसुद्धा.

आवळला असेल. हात आपोआप करतात. पण ठिपका? तो दिल्याचं काही केल्या आठवत नाही.

मघाशी डॉक्टरांचाच फोन आला. "कमाल केलीत. हात सोडले तरी गाडी सरळ जाते." मी नुसतं हो हो म्हणालो. वीस वर्षांचं नाव, कबूल करायला जीभ उचलेना. आणि उद्या ते घाट उतरणार, शेजारी आई.

शेवटी मीच उलट फोन लावला. "डावा नट तपासलेला नाही. मी येईपर्यंत गाडी हलवू नका."

पहाटेच्या पहिल्या एसटीने निघतोय. पाना आणि नेलपॉलिशची बाटली पिशवीत टाकलीय. नट घट्ट निघाला तर डॉक्टर मला हसतील. देवा, तेवढं हसू दे त्यांना.